दुधाचेच तर आहेत

"उंदीर मेलाय बघ हितं कुठंतरी," शेजारची बाई आपल्या पोरीच्या कानाशी लागून पुटपुटली. पुटपुटणं असं, की निम्म्या खोलीला ऐकू जावं. "एवढा चकचकीत दवाखाना, काचा काय, एसी काय, अन् सोफ्याखाली झाडू फिरवायला मातर कोणी न्हाई. खिडक्या तरी कावून लावून घेतल्या असतील?"

विजयमालाने आपली रीत म्हणून नाक वर करून हुंगून पाहिलं. दातांच्या दवाखान्यात येतो तो लवंगेचा वास होता, थोडा फिनेलचा, थोडा त्या बाईच्या डोक्याच्या तेलाचा. मेलेल्या उंदराचा काही आला नाही. तरी चार माणसांत आपणच निवांत बसलोय असं दिसू नये, म्हणून तिने वाकता येईल तितकं वाकून सोफ्याखाली नजर टाकली. मांडीवर राजी झोपलेली, त्यामुळे फार वाकता येईना. वाकली तशी राजीच्या तोंडातून एक लांब, ओला श्वास सुटला, आणि शेजारच्या बाईने पदराचा बोळा करून नाकाला लावला. सोफ्याखाली काहीच नव्हतं. पांढरी स्वच्छ फरशी, तिच्यात दिव्याचं प्रतिबिंब. विजयमाला हळूच सरळ झाली आणि तिने राजीचं तोंड स्वतःच्या कुशीत वळवून घेतलं, पंगतीत कुणाचा तरी फाटका सदरा झाकावा तसं.

तिला धक्का बसला तो वासाचा नव्हे, तो न येण्याचा. कारखान्याच्या कडेला राहणाऱ्यांना मळीचा वास येत नाही. पाहुणे येतात, नाक दाबतात, आणि घरचे भाबडेपणाने विचारतात, काय झालं हो? तशी आपण आपल्याच पोरीच्या कडेला राहतोय, असं तिला वाटलं. किती दिवस? सहा महिन्यांची असताना राजीच्या तोंडाला आंबटगोड दुधाचा वास यायचा, त्या वासासाठी विजयमाला तिच्या ओठांपाशी नाक नेऊन बसायची. मग त्या वासाचं हे कधी झालं? एखाद्या सकाळी झालं असणार. एखाद्या सकाळी तिने पोरीचा पापा घेतला असणार, थबकली असणार, आणि दुसऱ्या दिवशी पापा कपाळावर घेतला असणार. अलीकडे ती कपाळावरच घेते. घरात सगळेच कपाळावर घेतात. कुणी ठरवलं नव्हतं, आपोआप ओठांवरून गालावर आणि गालावरून कपाळावर सगळं घर सरकत गेलं होतं, आणि कुणी कुणाला विचारलं नव्हतं की बाबा रे, तू का सरकलास.

"काय म्हणती ती?" पलीकडे बसलेल्या बायनाबाईंनी विचारलं. सासूला विजयमाला आत्या म्हणायची, तिकडच्या सगळ्याच सुना म्हणतात तशी. बायनाबाईंना डाव्या कानाने कमी ऐकू यायचं, आणि बरं झालं, शेजारची बाई डावीकडेच होती.

"काही नाही आत्या. एसी जास्त आहे म्हणतात."

"मंग हाय की." बायनाबाईंनी लुगड्याचा पदर राजीच्या पायांवर टाकला. पदराच्या टोकाला गाठ होती आणि गाठीत खडीसाखर. ती गाठ राजीच्या जन्मापासूनची. लुगडी बदलली, गाठ तशीच.

रडू देऊ नका, असं डॉक्टर म्हणाले होते. खरं तर ते पुष्कळ काही म्हणाले होते. पोरीच्या हृदयाला छिद्र आहे, फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद आहे, रक्तात प्राणवायू कमी पडतो, वजन वाढलं की ऑपरेशन करता येईल, ताप अंगावर काढायचा नाही, सर्दीला जपायचं. आणि जाता जाता म्हणाले होते की जास्त रडली तर निळी पडेल, शक्यतो रडू देऊ नका. नांदूरघाटच्या त्या बैठकीच्या घराने बाकीचं सगळं त्या दवाखान्याच्या पायरीवरच ठेवलं आणि हे एवढं उचलून आणलं. आप्पा, म्हणजे विजयमालाचे सासरे, पंधरा वर्षं गावचे सरपंच. त्यांनी ते वाक्य एखादा ठराव मंजूर करावा तसं अमलात आणलं. सप्त्याचा भोंगा पोरगी झोपते म्हणून पूर्वेकडचा पश्चिमेकडे फिरला. बैठकीत कुणी आवाज चढवला की आप्पा नुसतं बोट आतल्या खोलीकडे करायचे. त्यांच्या बंडीच्या खिशात लिमलेटच्या गोळ्या आल्या, बायनाबाईंच्या पदरात खडीसाखर आली, विजयमालाचा नवरा बजरंग बीडला खताबियाण्याचं दुकान चालवायचा, तो दर शनिवारी चॉकलेटचा पुडा घेऊन गावी यायचा. राजीने ओठ मुडपला की घरातला जो जवळ असेल त्याचा हात तिच्या तोंडात. गडीमाणसंसुद्धा. म्हशी राखणारा बंकट एकदा काहीच जवळ नव्हतं म्हणून पेंडीच्या पोत्याजवळ ठेवलेला काळा गूळ बोटावर घेऊन आला, आणि विजयमालाला त्या वेळी त्याच्याविषयी केवढी कृतज्ञता वाटली होती! झोपेतून दचकून उठते म्हणून उशाशी दुधाची बाटली, तिच्यात साखर. चार वर्षांची झाली तरी बाटली, आता सहाची आहे तरी बाटली. वरून औषधं, तीही सगळी गोड, पातळ, गुलाबी. लाड म्हणावं तर लाड नव्हता तो. आग लागू नये म्हणून घरभर पाणी शिंपत राहावं, आणि भिंती भिजून खाली येताहेत हे कुणी बघू नये, तसलं काहीतरी होतं.

ब्रश तिने आणला होता. दीड-दोन वर्षांची असेल राजी. छोटा, मागे बदक असलेला. पहिल्याच दिवशी बदक बघून हसली, दुसऱ्या दिवशी हिरडीला लागलं म्हणून रडली, आणि रडता रडता ओठ, मग नखं, मग कानाच्या पाळ्या अशा जांभळ्या होत गेल्या की विजयमालाच्या हातातला ब्रश तसाच राहिला. बायनाबाई ओट्यावरून धावत आल्या, पोरगी उचलली, गुडघे पोटाशी घेऊन बसवली, साखर चारली, आणि दुसऱ्या हाताने तो ब्रश ओढून न्हाणीच्या पत्र्यावर भिरकावला. इतर घरांत पोरांचे पडलेले दात पत्र्यावर टाकतात. ह्या घरात आधी ब्रश गेला. पावसापाण्याने बदक खाली वाहून येईल म्हणून विजयमाला पुढे बरेच दिवस वर बघायची. आलं नाही. "दुधाचेच तर हायेत," बायनाबाई म्हणाल्या होत्या, "पडून जायचेत. त्याच्यासाठी लेकराचा जीव घेती का?"

दुधाचेच तर आहेत. हे घराचं पालुपद झालं. समोरचे दोन पिवळे झाले तेव्हा, त्यांच्या कडा तपकिरी झाल्या तेव्हा, मधला भाग झिजून खुंट राहिले तेव्हाही. बजरंग म्हणायचा, दुधाचेच आहेत. विजयमालाच्या माहेरचे म्हणायचे, दुधाचेच आहेत ना गं? ती स्वतः म्हणायची. डी.एड. झालेली, शाळेत असताना दातांची निगा ह्या धड्यावर चार्ट काढलेली बाई, तीही म्हणायची. म्हणताना प्रत्येकाची नजर जरा खाली जायची, कारण त्या वाक्याला एक शेपूट होतं आणि ते सगळ्यांनी मिळून उंबऱ्याखाली दाबून ठेवलं होतं. दुधाचे पडतील आणि मग पक्के येतील, असं पुढचं वाक्य असतं. इतर घरांत असतं. ह्यांच्याकडे वाक्य पहिल्या अर्ध्यावर थांबायचं.

अशी थांबलेली पुष्कळ वाक्यं होती त्या घरात. दिवाळीला पोरांचे कपडे घेतात ते एक बोट मोठे, पुढच्या वर्षीही व्हावेत म्हणून. राजीचे घ्यायचे ते अंगाबरोबर. दुकानदार म्हणायचा, वहिनी, वाढत्या अंगाचं घ्या की, आणि बजरंग घाईघाईने म्हणायचा, नको नको, हाच छान बसलाय. शेवगा लावला तेव्हा आप्पांनी बाकीच्या सगळ्या नातवंडांच्या नावाने एकेक झाड लावलं. राजीच्या नावाने झेंडू लावला, तिला फुलं आवडतात म्हणून. आणि तो शब्द. बायनाबाईंच्या तोंडात पूर्वी दर वाक्याला मेल्या, मुडद्या, मरतुकड्या असायचं. प्रेमाने हाक मारायची तरी मेल्या हितं ये. राजी आल्यावर ते सगळं बंद. मोबाईलची बॅटरी गेली तर मोबाईल निजला म्हणायचं. बोका गाडीखाली आला तर बोका गेला पाहुण्याकडं. नव्या आलेल्या कुणाच्या तोंडून चुकून निघालंच तर बायनाबाई थू थू करून अंगणात माती टाकायच्या. म्हणूनच मघाशी शेजारच्या बाईने उंदीर मेलाय म्हटलं, तेव्हा विजयमाला आधी दचकली ती त्या शब्दानेच. वासापर्यंत ती मागाहून पोचली.

हृदयाच्या डॉक्टरांनी मात्र छातीला कान लावायच्या आधी तोंड उघडायला लावलं. शाळेत तपासणी झाली, सरकारी योजनेत नाव बसलं, लांबच्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलातली तारीख मिळाली. घरातून निघताना पाच जणींनी ओवाळलं. आणि त्या माणसाने बॅटरीचा झोत राजीच्या तोंडात टाकला आणि लगेच बंद केला. म्हणाला, ह्या तोंडाने मी हिला टेबलावर घेणार नाही. ह्या दातांतून जंतू रक्तात जातात, रक्तातून हृदयात. मी आज छिद्र बुजवीन आणि महिन्याभरात त्यावर पू होईल. आधी तोंड स्वच्छ करून आणा. फार उशीर करू नका. आणखी वर्षभर गेलं तर ऑपरेशन करण्यात अर्थ राहणार नाही. बजरंग हसला होता. अगदी सुटल्यासारखा हसला होता. दातच ना साहेब, ते काढून टाकू की, दुधाचेच तर आहेत.

ते दात काढायला कुणी तयार होईना. दोन तारखा त्यातच गेल्या. पहिल्या दंतवैद्याकडे जायच्या आधी आप्पांनी रीतीप्रमाणे फोन करून ठेवला. त्या घरातून कुणी कुठेही फोन केल्याशिवाय जात नसे. तलाठ्याकडे, शाळेत, बँकेत, लग्नाच्या हॉलवर, आधी फोन जायचा आणि मागून माणूस. नुसतं गेलं तर आपल्याला कोण ओळखणार, अशी एक भीती त्या सगळ्या रुबाबाच्या पोटात होती. तर फोन गेला. दंतवैद्य दारापर्यंत उठून आले, चहा मागवला, राजीला खेळणं दिलं, तोंड बघितलं आणि म्हणाले, आधी हृदयाच्या डॉक्टरांची परवानगी आणा. ती आणली. मग म्हणाले, आमच्याकडे तशी सोय नाही, तुम्ही संभाजीनगरला दाखवा. पुढच्या वेळी आप्पांनी तालुक्याच्या सभापतींना फोन करायला लावला. तिथे चहाबरोबर बिस्किटं आली आणि पुण्याचं नाव निघालं. मग आमदारांच्या पीएचा फोन. तिथे ट्रेमधून चहा आला, डॉक्टरांच्या पत्नी घरून खाली येऊन भेटल्या, आणि मुंबईलाच न्या, असं दोघांनी मिळून सांगितलं. फोन जितका मोठा तितका चहा चांगला, आणि पाठवायचं गाव तितकं लांब. विजयमाला प्रत्येक वेळी कप हातात धरून बसायची. राजी बिस्किट चोखत बसायची, चावता येत नसे म्हणून.

तिच्या हे लक्षात यायला उशीर झाला. त्या तिसऱ्या ठिकाणाहून निघताना कंपाउंडर दुसऱ्याला हळूच म्हणाला होता, "नांदूरघाटची पार्टी हाय बे, काचवाली." जीपमध्ये बसल्यावर तिला ते कळलं. राम, बजरंगचा चुलत भाऊ. त्याचे वडील छातीत कळ येऊन दवाखान्यात नेता नेता गेले, आणि राम दोन जीपा भरून माणसं घेऊन त्या दवाखान्यावर गेला. काचा फोडल्या, खुर्च्या फोडल्या, डॉक्टर मागच्या जिन्याने पळाला. ते सगळं कुणीतरी मोबाईलवर घेतलं आणि ते जिल्हाभर फिरलं. राम हाताला पट्टी बांधून घरी आला होता, पट्टी दुसऱ्या डॉक्टरकडून बांधून घेतलेली, आणि बैठकीत त्याला सगळ्यांनी मधे बसवलं होतं. विजयमालाने स्वतःच्या हाताने त्याला चहा नेऊन दिला होता. तिलाही तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. घरचं माणूस गेलं की घरच्यांनी काहीतरी केलं पाहिजे, एवढंच वाटलं होतं. आता राजीच्या उघड्या तोंडावर वाकलेला प्रत्येक डॉक्टर त्या तोंडात किडलेले दात बघत नव्हता. तो आपल्या दाराची काच बघत होता.

म्हणून ह्या वेळी ती न सांगता आली. दवाखान्यांच्या फेऱ्यांसाठी ती आता राजीला घेऊन बीडला बजरंगकडेच राहत होती. डॉक्टर उज्ज्वला नव्यानेच बीडला आल्या होत्या, लहान मुलांच्या दातांचंच शिकलेल्या. मागच्या आठवड्यात विजयमाला एकटीच राजीला घेऊन आली, रिक्षाने, नंबर लावून, नाव सांगताना नुसतं राजनंदिनी सांगून. चहा आला नाही. तासभर बसावं लागलं. तिला इतकं बरं वाटलं, की बसल्या जागी डुलकी लागली. डॉक्टर उज्ज्वलांनी तोंड बघितलं आणि तोंड वाकडं केलं नाही, की असं कसं होऊ दिलंत म्हणून बोलल्या नाहीत. म्हणाल्या, करू. एकदम सगळे नको, आधी सगळ्यात वाईट ते दोन. खाली मित्राचं हॉस्पिटल आहे, तिथे मॉनिटर लावून, भुलीचे डॉक्टर शेजारी उभे करून. तासभर आधी अँटिबायोटिक द्यायचं. धोका आहे, पण दात ठेवण्यात जास्त आहे. इतकी सरळ वाक्यं विजयमालाने कित्येक महिन्यांत ऐकली नव्हती. घरी तिने एवढंच सांगितलं की दात दाखवून आणते. बायनाबाई चार दिवसांसाठी बीडला आल्या होत्या, त्या म्हणाल्या, मी बी येते, ती माझ्याबिगर बसायची न्हाई. त्याला नाही कसं म्हणणार?

आज सकाळी औषध पाजल्यावर तिने राजीच्या तोंडात बोट घातलं होतं, स्वच्छ फडकं गुंडाळून. पुसताना मागे, सगळ्यात मागे, हिरडीत काहीतरी टोचलं. आधी तिला वाटलं, तुटलेला तुकडा. मग तिने पुन्हा चाचपलं. टणक, दातेरी, स्वच्छ. नवा. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी वाट बघत नव्हतं, तरी आपल्या वेळेला वर आलेला. तिचं बोट तिथेच राहिलं. राजी बोट तोंडात ठेवूनच म्हणाली, "आई, खाजतंय तिथं." विजयमालाला ते कुणाला सांगावं कळेना. आनंदाची बातमी होती आणि तिला चोरी पकडल्यासारखं झालं होतं. ह्या पोरीच्या देहाने घराला न विचारता पुढची तयारी चालवली होती.

खालच्या हॉस्पिटलातून एक माणूस ऑक्सिजनचा सिलिंडर ढकलत आला आणि लिफ्टपाशी थांबला. बायनाबाई बघत राहिल्या. "ते कोणासाठी गं?"

"आपल्यासाठीच आत्या. दात काढायला खाली नेतील, तेव्हा नुसता जवळ ठेवायला."

"नळकांडं? दातांसाठी नळकांडं?" बायनाबाईंचा हात पदराच्या गाठीकडे गेला. मग त्यांनी कमरेची पिशवी सोडली आणि आपला छोटा मोबाईल काढला. विजयमालाला दिसत होतं. बटणं मोठ्या आकड्यांची, एकवर दाबून धरलं की आप्पा. तिने हात पुढे करायला हवा होता. पण हात राजीच्या मानेखाली होता, काढला असता तर राजी जागी झाली असती, जागी झाली असती तर रडली असती. इतक्या वर्षांत शरीराला लागलेलं वळण. तिने हात काढला नाही. नुसतं म्हणाली, "आत्या, नका. आत्या."

डावा कान.

"अवो, मी बोलतीय. हां, बीडलाच. राजीला आणलंय दाताला, आज काढणार हायेत, नळकांडं-बिळकांडं आणलंय… न्हाई, तिनं कोणालाच सांगितलं न्हाई… मला लई भ्या वाटायलंय. तुमी जरा सांगून ठेवा की कोणाला तरी. आपलं लेकरू हाय म्हणून नीट बघतील."

फोन बंद करून त्यांनी पिशवीत ठेवला, आणि सुनेकडे बघून हसल्या, मोठं काम केल्यासारख्या. त्यात खोट काही नव्हती. विजयमालाला त्या हसण्याचा राग येईना, म्हणून तिला आणखीच राग आला. ती भिंतीवरच्या चित्राकडे बघत राहिली. चित्रात एक दात होता, त्याला डोळे आणि हात काढलेले, हातात ब्रश. दात हसत होता.

काउंटरवरचा फोन वाजला. तिथली पोरगी खुर्चीत रेलून बोलायला लागली, मग सरळ झाली, मग उभी राहिली. उभी राहून जी सर, जी सर म्हणाली आणि आतल्या दाराकडे धावली. आत पुन्हा एक मोबाईल वाजला. विजयमाला दाराकडे बघतच नव्हती. ती कान देऊन होती दुसऱ्याच आवाजासाठी, आणि तो आलाच. कपबशांचा. पोऱ्या ट्रे घेऊन सरळ त्यांच्यापुढे आला. दोन चहा, एका बशीत क्रीमची बिस्किटं.

"आमी सकाळधरनं बसलोत हितं," शेजारची बाई आता पुटपुटलीसुद्धा नाही, मोकळ्या आवाजात म्हणाली, "आमाला पाण्याचं विचारलं न्हाई कोणी. मोठ्याचं नशीबच निराळं बया."

"घे गं," बायनाबाई म्हणाल्या. "बघ, कसं असतंय. एक फोन केला तर." आणि त्यांनी बशी सुनेपुढे सरकवली. विजयमालाने कप उचलला. गरम होता, वेलची घातलेला. तिच्या हाताने तो तसाच खाली ठेवला. बायनाबाई तिच्याकडे बघायला लागल्या. सून रडत होती. आवाज न करता, तोंड मिटून, त्या घरात रडायची जी पद्धत पडली होती त्या पद्धतीने. "काय झालं गं? आता तर सगळं नीट व्हायलंय."

"आत्या," ती म्हणाली, "प्रत्येक ठिकाणी चहा आलाय आपल्याला. चहा आला आणि पुढं काय झालं, आठवून बघा."

बायनाबाईंनी चहाकडे पाहिलं. मग काचेच्या दाराकडे पाहिलं. मग पुन्हा चहाकडे. त्यांच्या चेहऱ्यावरून एकेक दवाखाना जात होता, विजयमालाला ते दिसत होतं. आणि शेवटी, अगदी शेवटी, रामचा हात, पट्टी बांधलेला. त्यांनी कपाखालची बशी काढली आणि कपावर झाकली.

डॉक्टर उज्ज्वला बाहेर आल्या त्या वेगळ्याच बाई होत्या. आवाज मऊ, मान जरा वाकडी. "ताई, मी तुमच्याशी बोलणारच होते. मी पुन्हा एकदा विचार केला. म्हणजे आमचे भुलीचे डॉक्टरही म्हणाले. इथे तसा सेटअप नाही हो. उगाच रिस्क नको. पुण्याला माझे सर आहेत, मी त्यांना बोलते—"

"मागच्या आठवड्यात तुम्ही करू म्हणालात."

"हो. म्हणाले होते." त्यांनी नजर राजीवर ठेवली. "तेव्हा मला… माझ्या मिस्टरांनाही फोन आला आत्ता. पंचायत समितीतून. तुमची माणसं किती काळजी करतात, ते बघून बरं वाटलं."

आवाजाने राजी जागी झाली होती. तिने सवयीप्रमाणे तोंड उघडलं. पांढरा कोट दिसला की तिला तोंड उघडायची सवय लागली होती. डॉक्टर उज्ज्वलांनीही सवयीनेच खिशातली बॅटरी काढली आणि वाकल्या. आणि क्षणभर त्या पुन्हा मागच्या आठवड्यातल्या झाल्या. "अरे वा," त्या म्हणाल्या, "हा बघा, मागे पक्का दात येतोय. छान आहे. अजिबात कीड नाही."

"पक्का म्हंजी?" बायनाबाईंनी विचारलं. ह्या वेळी त्यांनी उजवा कान पुढे केला होता.

"कायमचा आजी. हा दुधाचा नाही. हा आता जन्मभर राहणार."

राजीने जिभेने मागे चाचपून पाहिलं. बायनाबाई नातीच्या त्या उघड्या तोंडाकडे बघत राहिल्या; इतक्या जवळून, वास चुकवायला मान न फिरवता, त्या बऱ्याच वर्षांनी बघत असाव्यात. विजयमालाच्या जिभेवर एक वाक्य कित्येक दिवस येऊन बसलेलं होतं. आता बोलावंच म्हणून तिने ओठ उघडले, आणि तेच वाक्य तिला पलीकडून, सासूच्या आवाजात ऐकू आलं.

"बाई, खरं बोला," बायनाबाई म्हणाल्या. "ही तुमच्या खुर्चीत गेली तर नांदूरघाटाहून जीपा येतेल अन् तुमच्या ह्या काचा फुटतेल, ह्याचं भ्या हाय तुमाला. बराबर हाय तुमचं. येतेल. माझा पुतण्याच येईल. मघाशी ज्येंनी फोन केला, त्येच त्येला म्हणतेल, जा."

"आजी, तसं नाही—"

"तसंच हाय. अन् तुमी हात न्हाई लावला, तर ही घरी मरंल." तो शब्द त्यांनी नीट, सावकाश उच्चारला. थू केलं नाही. माती शोधली नाही. "घरी मरंल, माझ्या मांडीवर, तोंडात खडीसाखर धरून. तवा कोणाचीच काच फुटायची न्हाई. गाव म्हणंल, लई जपलं वो लेकराला." त्यांनी पदराची गाठ दातांनी सोडली आणि खडे बिस्किटांच्या बशीत ओतले. "तुमी कावून भेता? हिच्या मरणाला आमी तयारच हाव बाई. हिला पयला दात आला तवापासनंच तयार बसलोय आमी."